थोरल्या राणीचं चार बोटं उंच आसन

मी शारजात वाढले, आता अजमानला राहते आणि कामाला दुबईत रास अल खोरला जाते. बाबांचं वर्कशॉप तिथे आहे. प्रदर्शनांमध्ये कंपन्यांचे जे स्टॉल उभे राहतात, ते आम्ही बनवतो. मोठाली अक्षरं, काउंटर, खोट्या भिंती, एकदा एका अत्तरवाल्यासाठी आत दोन माणसं उभी राहतील एवढी बाटली. चार दिवस भक्कम दिसायचं आणि पाचव्या दिवशी मोडून ट्रकात जायचं, असा सगळा मामला. पण सिंहासन आम्ही कधी बनवलं नव्हतं.

ते काम आलं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी काकूंकडून.

"अगं, पुण्याहून नाटक येतंय. ऐतिहासिक. दोन राण्यांचं," काकू फोनवर म्हणाल्या. "कपडे, पडदे ते आणतायत. पण सिंहासनं विमानाने कशी आणणार? दोन सिंहासनं इथेच करायची आहेत. बाबांना विचार ना, प्लीज."

बाबांनी "कधी पाहिजेत?" एवढंच विचारलं. नाटकाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. लग्नाला गेले तरी जेवण झाल्याबरोबर "यल्ला, चला" म्हणत गाडीची किल्ली वाजवायला लागणारा हा माणूस. तीन तास एका खुर्चीत बसून कुणाचं काही ऐकणं त्यांना जमेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं.

पुण्याहून हाताने काढलेल्या चित्राचा फोटो आला. सिंहाच्या पंजासारखे पाय, पाठीला मोराची कमान, मखमली बैठक. खाली लिहिलं होतं, 'थोरल्या राणीचं आसन धाकटीच्या आसनापेक्षा चार बोटं उंच हवंच. संवादात आहे.' 'हवंच' या शब्दाखाली दोन जाड रेघा.

"चार बोटं म्हणजे कुणाची चार बोटं?" बाबांनी चष्मा कपाळावर नेत विचारलं.

शेवटी आमच्या फोरमनची बोटं माप म्हणून धरली. ते पेशावरचे. मी शाळेत जायच्याही आधीपासून बाबांकडे आहेत आणि सगळं वर्कशॉप त्यांना उस्ताद म्हणतं. त्यांचा पंजा चांगला रुंद, त्यामुळे थोरल्या राणीचं आसन बरंच उंच झालं. प्लायचा सांगाडा, वर फोमचं कोरीवकाम, त्यावर सोनेरी स्प्रे, मरून मखमल. तयार झाल्यावर दोन्ही सिंहासनं दारातल्या उन्हात ठेवली, तेव्हा शेजारच्या टायरवाल्याकडची माणसंसुद्धा फोटो काढून गेली.

मी ऐतिहासिक नाटक कधी पाहिलेलं नव्हतं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण ते 'जेवलीस का' आणि 'गाडी कुठे पार्क केलीस'चं मराठी. वर्कशॉपमध्ये हिंदी, क्लायंटशी इंग्लिश. काकूंनी पाठवलेल्या पत्रकात नाटकाची गोष्ट दिली होती, ती मी दोनदा वाचली. एका लहानशा संस्थानाचा राजा अचानक वारतो. थोरल्या राणीला मूल नाही, तिला मुलगा दत्तक घेऊन गादी आपल्या हातात ठेवायची आहे. धाकटीला छोटा मुलगा आहे, तिला तो गादीवर बसवायचा आहे. गोष्ट कळली, पण ते 'आज्ञा व्हावी' आणि 'मुजरा असो' कानावर पडायला लागलं की आपल्याला झोप येईल की काय, अशी मला भीती वाटत होती.

प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. शनिवारी सकाळी काकूंचा फोन. "मुख्य बाई म्हणतायत, त्यांना सिंहासन आजच बघायचंय. मी दोन्ही राण्यांना घेऊन येतेय."

मी घाईघाईने ऑफिसातली बरी खुर्ची पुसली, चहा सांगितला. गाडीतून उतरल्या त्या बाईंमध्ये राणीसारखं काहीच नव्हतं. बुटक्या, साठीच्या आसपासच्या, बारीक कापलेले केस, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, पायात चालायचे बूट. त्यांच्या मागून उतरली ती धाकटी, उंच, साधारण माझ्याच वयाची, हातात खजुराचा डबा.

"नमस्कार, ताई," मी म्हटलं.

"नमस्कार. कुठंय माझं राज्य?" ताईंनी विचारलं.

त्या आसनाभोवती एक चक्कर मारून आल्या. मग बसल्या. उठल्या. परत बसल्या, यावेळी पदर सावरल्यासारखा हात करून. सगळं वर्कशॉप हातातलं काम सोडून बघत होतं.

"उशी जरा कडक करा," त्या म्हणाल्या. "राणी रुतली की राज्य गेलं."

मग धाकटीला म्हणाल्या, "ये गं, तूही बस. दरबाराचा प्रवेश करून बघू. आवाज किती लागतो ते कळेल."

"इथे?" धाकटीने भुशाच्या ढिगाकडे बघितलं.

"का? दरबारात काय धूळ नसायची?"

उस्तादांनी स्वतः जाऊन मोठं मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. आणि त्या टी-शर्टातल्या बुटक्या बाईंची पाठ ताठ झाली, मान वळली आणि असा आवाज आला की पत्र्याच्या छपराला कापरं भरलं.

"धाकट्या राणीसाहेब, आमचं आसन आपल्या आसनाहून चार बोटं उंच आहे. ही चार बोटं महाराजांनी स्वतः मोजून दिली आहेत. विसरू नका."

धाकटी हळूच हसली. "आसन महाराजांनी दिलं, हे खरं, थोरल्या राणीसाहेब. पण महाराजांना वारस आम्ही दिला."

पुढची पाच-सात मिनिटं त्या दोघी एकमेकींवर अशा तुटून पडल्या की माझ्या हातातला चहा गार झाला. शब्द सगळे कळत नव्हते, पण एकही निसटत नव्हता. मला झोप येण्याची काळजी वाटत होती, ती तिथेच भुशात पडून राहिली.

उस्ताद माझ्याजवळ सरकून कुजबुजले, "बेटी, झगडा किस बात का है?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी विचार केला. "तो छोटी वाली ठीक बोल रही है. बच्चा तो उसका है ना."

"ऐसे कैसे?" आमचा केरळचा पेंटर मागून म्हणाला. "बडी वाली सीनियर है."

प्रवेश संपला तेव्हा वर्कशॉपचे सरळ दोन पक्ष झाले होते. आणि ज्यांच्यासाठी पक्ष पडले त्या दोघी एकाच बशीतली बिस्किटं कडक चहात बुडवून खात होत्या. धाकटी ताईंना म्हणत होती, "तुझं ते 'विसरू नका' आज काय भारी आलं गं!" बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त उस्तादांना म्हणाले, "उशी बदलून घ्या. आजच."

रविवारी मी, बाबा आणि उस्ताद सिंहासनं घेऊन दुपारीच हॉलवर पोचलो. मागचं मोठं दार त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद होतं. वॉचमनने बाजूचं दार दाखवलं. आत अरुंद पॅसेज आणि त्याला एक काटकोनी वळण. धाकटीचं आसन आडवं करून कसंबसं निघालं आणि लगेच स्टेजवर जाऊन स्क्रूने पक्कं झालं. थोरलीचं मात्र वळणावर अडकलं. आडवं केलं, तिरकं केलं, उलटं केलं. चार बोटांनी घात केला.

"कमान कापा," एकजण म्हणाला.

"कमान कापली तर खुर्ची उरेल, सिंहासन नाही," बाबा म्हणाले.

सिंहासन परत बाहेर पार्किंगमध्ये आणलं. उस्तादांनी करवत काढली, आकाशाकडे बघून एक उसासा टाकला आणि सिंहाचे चारही पंजे कापले. वळण पार झालं. पण स्टेजवर ते धाकटीच्या आसनाशेजारी ठेवलं तेव्हा घोटाळा लक्षात आला. थोरली राणी आता धाकटीपेक्षा खाली बसणार होती. खाली ठोकळे लावून पाहिले, तर सिंहासन डुगडुगायला लागलं. धाकटीचं खाली करायचं तर ते उखडून पुन्हा बाहेर न्यायला हवं होतं, आणि पुढच्या दाराशी पैठण्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती.

हा निरोप सांगायला मला मेकअप रूममध्ये पाठवलं. ताई आरशासमोर बसल्या होत्या. अर्धा चेहरा राणीचा झाला होता, अर्धा कालचाच होता.

"ताई, सॉरी," मी सगळं सांगून म्हटलं. "आता ते चार बोटं खाली झालंय."

त्यांनी कुंकवाची काडी खाली ठेवली. मला वाटलं, आता ओरडणार.

"डुगडुगत तर नाही ना?"

"नाही."

"मग जा, आपल्या जागेवर बस. बघू."

"पण ते वाक्य..."

"बघू म्हटलं ना, बाळ." आणि त्यांनी दुसरी भुवई काढायला घेतली.

आई आणि भाऊ तोवर आले होते. आईने ठेवणीतली नऊवारी काढली होती आणि नथीमुळे ती जरा नाकात बोलत होती. भाऊ युनिव्हर्सिटीत आहे, त्याला आईने जेवणाचं आमिष दाखवून आणलं होतं. बाबा माझ्या शेजारी बसले, उस्ताद त्यांच्या पलीकडे. पडदा वर गेला, निळसर प्रकाशात दोन सिंहासनं चमकली आणि हॉलभर "अहाहा" झालं. ते "अहाहा" सगळं आमचं होतं. बाबांनी माझ्या कानात विचारलं, "डावीकडचा सांधा दिसतोय का गं?"

"नाही हो, बाबा. बघा ना आता."

पहिल्या अंकात भाऊ माझ्याकडे वाकला. "व्हॉट्स गादी? लाइक, मॅट्रेस?"

"थ्रोन."

"सो दे आर नॉट फायटिंग ओव्हर अ मॅट्रेस."

आईने त्याला कोपराने ढोसलं. त्यानंतर त्याने आणखी दोन शब्द विचारले. मग विचारायचा थांबला आणि पुढे सरकून खुर्चीच्या कडेला बसला. बाबांचा फोन खिशात एकदा थरथरला, त्यांनी तो न बघता बंद केला. मी बाबांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

मग दरबाराचा प्रवेश आला. धाकटी आधीपासून आसनावर बसलेली. शिंग वाजलं आणि थोरली राणी आली. काल चालायचे बूट घालून फिरणाऱ्या बाई कुठे गेल्या होत्या कोण जाणे. ही उंच दिसत होती, कशी ते मला अजून सांगता येणार नाही. ती आसनाजवळ आली, बसायला वळली आणि थांबली. आसनाकडे पाहिलं. मग धाकटीच्या आसनाकडे. मग परत आपल्या.

हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. उस्तादांनी बाबांचा हात धरला.

"धाकट्या राणीसाहेब," ती अगदी हळू म्हणाली, "आमचं आसन खाली गेलेलं दिसतंय."

हे नाटकात नव्हतं. मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि धाकटीच्या पापण्या ज्या वेगाने हलल्या त्यावरून तिला तर नक्कीच माहीत होतं.

"महाराजांनी स्वतः मोजून दिलेली चार बोटं. कुणी कापली, ते आम्ही विचारणार नाही. ज्याने कापली त्याला वाटलं असेल, आता थोरली खाली बसेल." ती एक पाऊल पुढे आली. बसलेल्या धाकटीच्या अगदी समोर. "आम्ही बसणारच नाही. आम्ही उभ्या आहोत. आता आपण मान वर करून आमच्याशी बोला."

आणि धाकटीला मान वर करावीच लागली! हॉल कोसळला. टाळ्या, शिट्ट्या, मागून कुणीतरी "वा, बाई!" ओरडलं. आई नथ सांभाळत उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "बरोब्बर! बसू नकोस!"

आता धाकटी काय करणार? टाळ्या ओसरेपर्यंत तिने वाट पाहिली. मग मागे रेलली, एक हात मोराच्या कमानीवर टाकला आणि गोड आवाजात म्हणाली, "जशी मर्जी, थोरल्या राणीसाहेब. फक्त पाय दुखतील. आमचं राज्य फार दिवस चालणार आहे."

आता दुसऱ्या पक्षाचा जल्लोष. भाऊ दोन्ही हात वर करून ओरडत होता, "ओ माय गॉड, बर्न!" मी बाबांकडे पाहिलं. बाबा हसत होते. नुसते गालात नाही, खांदे हलत होते, डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

ताई तो सगळा प्रवेश उभ्या राहिल्या. शेवटच्या अंकात शत्रूची फौज किल्ल्याच्या पायथ्याशी येते आणि दोघी राण्यांना एकत्र बसून मसलत करावी लागते. ती मसलत त्या दोन्ही सिंहासनं सोडून पायरीवर बसून करतात. एकीने आतल्या झोपलेल्या मुलाला सांभाळायचं आणि एकीने तलवार घेऊन बाहेर जायचं. थोरली उठते, तेव्हा धाकटी तिचा पदर धरते. तिथे आमच्या रांगेत कुणाच्याच डोळ्यांची धडगत राहिली नाही. उस्तादांना त्यातलं एक वाक्यही कळलं नसेल, पण ते खिशातला रुमाल काढून बसले होते. पडदा पडल्यावर म्हणाले, "बडी वाली भी ठीक थी."

आम्ही आत गेलो तेव्हा ताई त्याच पंजे कापलेल्या सिंहासनावर पाय पसरून बसल्या होत्या आणि धाकटी त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मला आधी सांगायचं नाही का गं? मी तिथे मरणार होते!"

"सांगितलं असतं तर तू उत्तर पाठ करून आली असतीस," ताई म्हणाल्या. "ते 'राज्य फार दिवस चालणार आहे' कुठून आणलंस?"

"काय माहीत. आलं."

"तेच तर." त्यांनी तिचा गाल थोपटला. मग आम्हाला बघून उठायला गेल्या आणि गुडघ्यांनी नकार दिला. बसल्या जागेवरूनच त्यांनी उस्तादांना हात जोडले. "उस्ताद, आपने मेरा सीन बना दिया. इतनी साल बैठ के बोलती थी. आज समझा, बैठनाही नहीं था."

बाबांना काहीतरी बोलायचं होतं. शेवटी म्हणाले, "उद्या काय प्रोग्राम आहे तुमचा?"

"रात्रीचं विमान आहे. दिवसभर मोकळ्या."

"दुबई दाखवू? मोठ्या बिल्डिंगा वगैरे?"

"बिल्डिंगा नकोत. समुद्र आहे का कुठे, जिथे गर्दी नसेल?"

"खोर फक्कान, डोंगरांपलीकडे," बाबा म्हणाले. "मी नेतो."

दुसरा दिवस सोमवार. कामाचा दिवस. एका क्लायंटची डिलिव्हरी होती. मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. सकाळी बाबांनी उस्तादांना फोन करून "आप देख लो, हम शाम को आते हैं, इन्शाल्ला" सांगितलं आणि गाडी काढली. पुढे बाबांशेजारी ताई, मागे आम्ही तिघी. डोंगरातले बोगदे सुरू झाले की धाकटी प्रत्येक बोगद्यात शिरताना श्वास रोखायची आणि बाहेर पडल्यावर हुश्श करायची, मग आईही तिच्याबरोबर तसंच करायला लागली. आईने ताईंना विचारलं, तुम्ही सुरमईला तांदळाचं पीठ लावता की रवा. त्यावर दोघींचं असं जुंपलं की मला वाटलं आता दुसरा अंक सुरू होतोय. ताई रव्याच्या बाजूने होत्या. आई तांदूळ सोडायला तयार नव्हती.

किनाऱ्यावर माणसं तुरळक होती. नोव्हेंबरचं ऊन, पाणी निळं आणि स्वच्छ. ताई बूट काढून, सलवार वर करून सरळ पाण्यात गेल्या आणि गुडघाभर पाण्यात चक्क बसल्या. लाट आली, त्यांच्या गळ्यापर्यंत आली, आणि त्या लहान मुलीसारख्या किंचाळल्या. धाकटी पळत गेली. मग आई. आई, जी दर वेळी "साडी भिजेल" म्हणून वाळूत चटई टाकून बसते, ती दुसऱ्या लाटेला पूर्ण भिजून माझ्या नावाने ओरडत होती, "ये ना गं! काय बघत बसलीस?"

मी गेले. खारं पाणी नाकातोंडात गेलं. ताईंनी माझा एक हात धरला होता, आईने दुसरा. मागे वळून पाहिलं तर बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, आमच्या सगळ्यांच्या चपला आणि बूट छातीशी धरून काठावर उभे होते. पुढची लाट दिसली की "आली, आली!" म्हणून आम्हाला ओरडून सांगत होते, आणि प्रत्येक वेळी दोन पावलं पुढे येत होते.